फडक्याचा कॅन

नाशिक, ६ मे २०२५

सृष्टी,

वर 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून मुद्दाम पान बदललं नाही.

हे पत्र टपालाने टाकणार आहेच, पण पानांचे फोटो फोनवरही पाठवणार आहे. 'मावशी, मिळालंच नाही' असं म्हणायची सोय नको. पत्ता तूच दिला होतास जानेवारीत, जर्मनीला पोचल्या पोचल्या, गोड्या मसाल्याच्या पार्सलसाठी. मसाला मिळाला तेव्हा तीन लाल बदाम पाठवलेस. त्यानंतर मी चार निरोप टाकले. चारही तू वाचलेस, निळ्या खुणा मलाही दिसतात. उत्तर एकाचंही नाही.

तर ऐक. दहा जूनला माझी चौकशी आहे. प्राचार्य, तुझे गाईड शेखर सर आणि बाहेरच्या कॉलेजचे एक साहेब बसणार आहेत. एकवीस वर्षं लॅबची शिपाईगिरी केल्यावर सहायकाच्या बढतीच्या यादीत माझं नाव पहिल्यांदा आलं. ऑफिसने सेवापुस्तक उघडलं तर आत शेरा: 'कामात हलगर्जीपणा. बाटल्या अस्वच्छ ठेवल्यामुळे संशोधनाचे नुकसान.' हा शेरा निघाला नाही तर यादीतून नाव जाणार आणि निवृत्त होईपर्यंत मी अशीच लेडीज होस्टेलच्या मेसमध्ये कांदे सोलत राहणार. कांदे सोलण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण खोट्या शेऱ्यापायी का म्हणून सोलू?

गेल्या वर्षीची ती शुक्रवारची सकाळ आठव. कंपनीची माणसं तुझं काळं पाणी बघायला यायची होती. आदल्या दिवशी संध्याकाळी बाराही बाटल्या शाईसारख्या एकजीव होत्या. सकाळी कुलूप उघडलं तर वर गढूळ पाणी आणि तळाला काळ्या गुठळ्या. शेखर सर ओरडले, "हे कुणी केलं?" आणि तू, पाच वर्षं माझ्या डब्यातली नागलीची भाकरी खाल्लेली तू, म्हणालीस, "बाटल्यांत साबण राहिला असेल सर. मावशी हल्ली घाईत धुतात."

अगं बाई, साबण! तुझ्या त्या पाण्यात तू स्वतः काय घालायचीस? तूच मला सांगितलं होतंस. "मावशी, या कार्बनच्या नळ्या केसापेक्षा हजारो पट बारीक. नुसत्या पाण्यात टाकल्या की एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून ही पांढरी पूड घालायची. हिचं एक टोक नळीला धरतं, दुसरं पाण्याला. आपल्या धुण्याच्या पावडरीत हीच असते." मग सोनिकेटरची दांडी आत सोडायची. ती किर्र वाजायला लागली की माझे दात आंबायचे. तिच्या हादऱ्यांनी नळ्या सुट्या व्हायच्या, आणि ती पूड त्यांना परत चिकटू द्यायची नाही. पाणी तापू नये म्हणून भोवती बर्फ, आणि तो बर्फ फोडून आणणारी मी. जिथं चमचाभर साबण तुम्हीच घालता, तिथं थेंबभर राहिला म्हणून बाराच्या बारा बाटल्या नासल्या? त्यातल्या चार तर नव्या खोक्यातल्या होत्या. त्यांना मी साबणाचा हातही लावला नव्हता.

पाण्याचे त्या आठवड्यात दोन कॅन होते, हे तुला माहीत आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तू फक्त एक ओळ लिहून पाठव, 'बाटल्या स्वच्छ होत्या', आणि खाली सही कर. बाकीचं मी बघते.

मैना मावशी

ता. क. तुझ्या जागेवर तृप्ती नावाची मुलगी आली आहे. तिने तुझा प्रबंध मला वाचून दाखवला. सुरुवातीला 'मैना मावशींचे मनःपूर्वक आभार' आहे आणि पान ११२ वर 'परिचर मैना यांनी बाटल्या नीट न धुतल्यामुळे' आहे. इंग्रजीत दोन्ही छान वाटतं म्हणे.

नाशिक, १९ मे २०२५

सृष्टी,

तुझी ओळ आली नाही. नसू दे. मला कळलं काय झालं होतं ते.

मेसमध्ये लताबाई म्हणून स्वयंपाकीण आहेत, तोंडाने फटकळ, पण हाताला चव. मागच्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं म्हणून बोअर सुरू केला. तुरीची डाळ कुकरला लावली. पाच शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या, डाळ आपली टणक ती टणक. लताबाई कावल्या. "बोअरचं पाणी हाय ना हे! यात डाळ शिजायची नाय न् साबणाला फेस यायचा नाय. लय क्षार. मेलं नुसतं दगडाचं पाणी."

मी तेव्हा भांडी घासत होते. हाताकडे बघितलं. साबण लावतेय, लावतेय, फेसाचा पत्ता नाही. भांड्यावर नुसता पांढरा चोथा. मी घासणी तिथंच टाकली आणि ओल्या हाताने उठले. लताबाई म्हणाल्या, "काय गं, इंचू चावला काय?"

म्हणजे पाणी इथं मुरत होतं! बोअरच्या पाण्यात साबण फाटतो. तुझी पूड साबणाच्याच जातीची. तीच फाटली तर नळ्यांना सुटं धरून ठेवणार कोण? त्या परत एकमेकींच्या गळ्यात पडल्या, गुठळ्या झाल्या आणि तळाला बसल्या. बारावी नापास बाईला हे कुकरमध्ये दिसलं. तुम्हाला एवढ्या यंत्रांमध्ये दिसलं नाही? की दिसलं होतं?

मी तडक तृप्तीकडे गेले. पोरगी देवळ्याची आहे, कांद्याच्या चाळीत वाढलेली. शंका आली की नखाने सोलून आत बघते. ती म्हणाली, "मावशी, बोलत काय बसायचं, करूनच बघू." शनिवारी दुपारी दोन बाटल्या केल्या. एकीत डिस्टिल्ड, एकीत होस्टेलच्या बोअरचं. नळ्या तेवढ्याच, पूड तेवढीच, बर्फ तेवढाच, दांडी पाच सेकंद चालू, दोन सेकंद बंद, अशी वीस मिनिटं. टोक वर आलं की आवाज बदलतो आणि फेस होतो. तिला मी दाराजवळून सांगत होते, "खाली घे, खाली घे." ती चकितच झाली. पाच वर्षं तुझ्या शेजारी काय मी भिंत बघत उभी होते?

बोअरच्या पाण्यात पूड टाकल्या टाकल्या ते दुधाळ झालं. तू नळ्या आधी टाकायचीस, मग सगळंच काळं दिसायचं, म्हणून तुला तेव्हा कळलं नसेल. एवढं मी तुझ्या बाजूने बोलते. आज सोमवारी सकाळी बघितलं. बोअरची बाटली नासलेली, अगदी तुझ्या बारांसारखी. डिस्टिल्डची उजेडापुढे धरली तर एक कण दिसत नाही.

म्हणजे तुझ्या बाटल्यांत बोअरचं पाणी गेलं होतं. डिस्टिलेशनचं यंत्र थंड ठेवायला जे पाणी फिरतं, ते गेल्या वर्षी मे महिन्यात बोअरचंच होतं. मोरीत वाया जाऊ नये म्हणून मी ते एका पांढऱ्या कॅनमध्ये धरत होते, फरशीला होईल म्हणून. डिस्टिल्डचा कॅनही तसलाच पांढरा, वीस लिटरचा. पण माझ्या कॅनला खूण होती. त्या गुरुवारी मी जेवून आले तेव्हा माझा कॅन बराच खाली गेलेला होता. मला वाटलं तू हात-भांडी धुवायला घेतलंस, म्हणून विचारलं नाही.

आता विचारते. तू कुठल्या कॅनमधलं पाणी घेतलंस?

मैना

नाशिक, २ जून २०२५

सृष्टी,

तुझा आवाज आला. तीन मिनिटं बारा सेकंद. मी तो मेसच्या मागे, गॅसच्या टाक्यांजवळ उभी राहून ऐकला. दोनदा ऐकला.

तुझे शब्द तुलाच लिहून पाठवते, म्हणजे उद्या फिरायला नकोत. "मावशी, त्या कॅनला तुम्ही फडकं बांधलं होतं. आमच्या मनमाडला फडकं बांधलेलं पाणी म्हणजे प्यायचं पाणी. वीस-वीस दिवस नळ नाही यायचा. आई पिंप भरायची, वर स्वच्छ फडकं बांधायची, आणि त्यात कुणी खरकटा पेला बुडवला तर फटके. मला वाटलं, मावशीने फडकं बांधलंय म्हणजे हेच जपलेलं, हेच डिस्टिल्ड. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही त्या फडक्याच्या कॅनमधून बादली भरून फरशी पुसायला घेतली, तेव्हा कुठे मला कळलं. पण तोपर्यंत मी सरांना बोलून बसले होते."

आणि पुढे, "मावशी, प्लीज. तुम्ही दोन ओळी माफीच्या लिहून द्या ना. सर म्हणालेत, शेरा काढून टाकतील. माझं इथलं दोन वर्षांचं काम त्या प्रबंधावर मिळालंय."

आधी माझं सांगते. हो, फडकं मी बांधलं होतं. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचं. पहिल्या पत्रात मी 'मला काही म्हणायचं नाही' असं लिहिलं, दुसऱ्यात नुसतं 'खूण' लिहिलं. दोन्हीकडे मी ते झाकलं. डाळ शिजली नाही तेव्हापासून मला तेच फडकं दिसत होतं, आणि मी तुझ्यावर तोंडसुख घेत होते.

आमच्या इगतपुरीकडे उलटं आहे बाई. चार महिने आभाळ फाटलेलं असतं, पाण्याला कोण जपतंय! प्यायचा हंडा आत, त्यावर पितळी झाकणी. फडकं बांधायचं ते पडवीतल्या वापराच्या पिंपाला, डास होऊ नयेत, पाचोळा पडू नये म्हणून. फडकं दिसलं की आमच्याकडचं पोरही त्यात पाय धुतं. मला वाटलं, हे सगळ्या जगाला ठाऊक असणार. लॅबचा नियम आहे, प्रत्येक कॅनवर चिठ्ठी, आत काय आहे ते आणि तारीख. नव्या मुलांना तो नियम मीच सांगते. पेन माझ्या खिशात होतं आणि मी चिठ्ठी लावली नाही. हे माझं.

पण माफी? बाटल्या घाण ठेवल्याची माफी? शेखर सरांनीही परवा बोलावून तेच सांगितलं. "मावशी, दोन ओळी लिहा, कशाला ताणता." का ताणू नको? ज्या हातांनी एकवीस वर्षांत एक बाटली कुणाला परत धुवायला लावली नाही, त्या हातांनी मी लिहू, की हे हात घाणेरडे आहेत? नाक घासू मी? अजिबात नाही. यादीतून नाव गेलं तर जाऊ दे खड्ड्यात.

आणि एक नीट ऐक. तू चुकीच्या कॅनमधलं पाणी घेतलंस, त्याचा मला राग नाही. फडक्याने तू फसलीस, मीही फसले. राग आहे तो त्या शुक्रवारच्या संध्याकाळचा. तुला कळलं होतं. सोमवारी मला नोटीस आली तेव्हा कळलेलं होतं. जुलैत माझी मेसला बदली झाली, तू माझं कपाट रिकामं करू लागलीस, माझ्या गळ्यात पडून रडलीस, तेव्हाही कळलेलं होतं. मी पदराने तुझे डोळे पुसले गं! 'होतं असं कधी कधी, माझ्याच हाताची चूक असेल' असं म्हणून मी तुझी समजूत काढली. माझी तेव्हा खरंच खात्री पटली होती की माझ्या हाताला काहीतरी झालंय. वर्षभर मी भांडी हुंगून बघते आहे, साबण राहतो का म्हणून. हे तू माझं केलंस.

दहा तारखेला मी सगळं सांगणार आहे. आधी माझं, मग तुझं. तुझं नाव घेणार. तुला आठ दिवस आधी कळवते आहे. तू मला वर्षभर कळवलं नव्हतंस.

मैना

नाशिक, ११ जून २०२५

चि. सृष्टीस,

या वेळी खोडलेलं नाही. का ते मलाही नीट सांगता येणार नाही. काल रात्री फोन उचलून तुला सगळं सांगावंसं वाटलं, एवढं खरं.

काल अकरा वाजता बोलावलं. मी पिशवीत तृप्तीच्या दोन बाटल्या नेल्या आणि फडकं. फडकं अजून लॅबमधल्या मोरीखालच्या खिळ्याला लटकलं होतं. धुतलं, इस्त्री केली आणि नेलं. प्राचार्य मध्ये, डावीकडे शेखर सर, उजवीकडे बाहेरचे साहेब. मला बसायला सांगितलं नाही. मी खुर्ची ओढून बसले.

साहेबांनी चांगली बाटली खिडकीकडे धरली. "वा! सगळं छान विरघळलंय की."

माझ्या तोंडून निघून गेलं, "विरघळलं नाही साहेब, विखुरलं. विरघळणारी वस्तू असती तर माझ्यावर ही वेळच आली नसती." पाच वर्षं तू मला या शब्दावरून टोकायचीस. साहेब चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे, विखुरलं." शेखर सर टेबलाकडे बघत होते.

मग मी सांगितलं. कॅन माझा, फडकं माझं, चिठ्ठी लावली नाही ती मी. त्या कॅनमधलं पाणी सृष्टीने डिस्टिल्ड समजून घेतलं. बाटल्या स्वच्छ होत्या. तुझं नाव घेतलं.

प्राचार्य म्हणाले, "सृष्टीने घेतलं याला पुरावा काय?"

फोन पिशवीतच होता. तुझी तीन मिनिटं बारा सेकंद त्यात होती. हातही गेला होता आत. पण मी तो फोन बाहेर काढला नाही. ते बोलणं तू मावशीला पाठवलं होतंस, समितीला नाही. मी म्हटलं, "कुणी घेतलं ते तिला विचारा. बाटल्यांचा पुरावा आत्ता देते. बोअरचं पाणी मागवा, डिस्टिल्ड मागवा आणि ती पूड मागवा."

बाहेर थांबलेल्या तृप्तीने ते सगळं आणलं आणि टेबलावर दोन पेले ठेवले. एकेक चमचा पूड. डिस्टिल्डचं पाणी स्वच्छ राहिलं, बोअरचं पांढरं झालं. दोन मिनिटांचं काम. एवढ्यासाठी मी वर्षभर कांदे सोलले. साहेबांनी पेला हातात घेऊन फिरवला आणि शेखर सरांना विचारलं, "तुम्ही तेव्हा पाणी तपासलं नव्हतं?" सर समोरची फाईल चाळायला लागले. मला त्यांची कीव आली, पण थोडीच.

प्राचार्यांनी पेन उचललं. "ठीक आहे मैनाबाई. शेरा काढून टाकतो. पान कोरं. विषय संपला."

"अर्धा संपला," मी म्हटलं. "खोटी चूक काढा आणि खरी लिहा. कॅनवर चिठ्ठी लावली नाही."

शेखर सर पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, कळतंय का तुम्हाला? शेरा कुठलाही असला तरी यादीला अडचण येऊ शकते. पान कोरं मिळतंय तर घ्या ना."

"नको सर. कोरं पान घेतलं तर उद्या तुम्हीच म्हणाल, बिचारीला सांभाळून घेतलं. मला सांभाळून घेऊ नका. मी जे केलं ते लिहा, नाही केलं ते खोडा. सही करते."

लिहिलं त्यांनी. प्राचार्यांनी वाचून दाखवलं, मी पान बघून 'चिठ्ठी'ची वेलांटी दुरुस्त करायला लावली आणि सही केली. साहेब उठताना म्हणाले की एवढ्याशा चुकीला साधी समज पुरते, यादीला धक्का लागायला नको. पण तो निर्णय त्यांच्या हातात नाही. नाव राहतं की जातं ते जुलैत कळेल. गेलं तर माझ्या चुकीने जाईल, तुझ्या नाही. एवढंच मला हवं होतं.

घरी येऊन डाळ-भात खाल्ला आणि दुपारी चार वाजेपर्यंत झोपले. वर्षभरात अशी झोपले नव्हते.

आज सकाळी तृप्तीने लॅबमध्ये बोलावलं. दोन्ही कॅनवर चिठ्ठ्या लावल्या, माझ्या अक्षरात. फडकं तिने मागितलं, मी दिलं नाही.

तुझा मसाला एव्हाना संपला असेल. लताबाईंकडून नवा कुटून घेतला आहे, डबा भरून ठेवलाय. आत्ता पाठवत नाही. तृप्ती सांगते की छापून झालेल्या प्रबंधातही दुरुस्ती देता येते, एक पान जोडून. तिथले सर लोक काय म्हणतील याची तुला भीती वाटेल. मलाही काल वाटत होती, म्हणून तर खुर्ची ओढली.

माझी चूक माझ्या पुस्तकात, माझ्या सहीने लिहून झाली. तुझी चूक अजून पान ११२ वर माझ्या नावाने बसली आहे. ती तुझ्या नावावर करून घे आणि त्या पानाचा फोटो पाठव. त्याच दिवशी मी मसाला टपालात टाकीन.

तुझी,
मैना मावशी